राघूचा खांब

चंदनगिरी मठाचा आतला सभामंडप बघायचा तर एकच रीतसर मार्ग होता: होळकरी पथकातल्या एखाद्या जुन्या घराण्यात जन्म घेणे. मी जन्मलो धुळ्याकडच्या एका मास्तराच्या घरी, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा चाळिशी उलटली होती.

मठ जुन्या इंदुरात, खान नदीच्या काठाला. बाहेरचं पटांगण सगळ्यांना खुलं. तिथे बकऱ्याही जात. पण आतला मंडप वर्षातून एकदाच, आत ज्यांची समाधी आहे त्या महाराजांच्या पुण्यतिथीला उघडे, आणि तोही फक्त खांबवाल्या घराण्यांसाठी. बाकीच्या इंदूरने त्याचं वर्णन ऐकलेलं होतं आणि ते एकमेकांना सांगितलेलं होतं. कोणी म्हणे, छताला सोन्याचा मुलामा आहे. कोणी म्हणे, भिंतींना इतके आरसे आहेत की माणूस स्वतःलाच नमस्कार करून परत येतो. सांगणाऱ्यांपैकी आत कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे वर्णनात कुठे खंड पडत नसे.

मी वजन-माप खात्यात इन्स्पेक्टर होतो. नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली तेव्हा माझ्या ओळखीची माणसं फायलींबरोबर ट्रकांतून भोपाळला गेली. रविवारी सकाळी कॉफीला आमचं मोठं टोळकं जमायचं. ते हळूहळू आटलं आणि शेवटी मी आणि वेटर उरलो. मग वेटरलाही भोपाळच्या हॉटेलात नोकरी लागली. मी राहिलो, कारण तराजू इंदुरातच होते. त्यातून शेर-छटाक जाऊन किलो आले होते, आणि जुनी वजनं जप्त करत मला बाजारभर हिंडावं लागे. सराफ्यात मी शिरलो की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं एकदम धार्मिक होत. कुणी माळ ओढी, कुणी डोळे मिटी. नमस्कार सगळे करत, बोलत कोणी नसे.

मल्हारगंजात ज्या जिन्यावर माझी खोली होती, त्याच जिन्यावर समोर जयसिंगराव खराडे राहत. सत्तरीचे, उंच, एकटे. पत्नी वारलेली, एकुलता एक मुलगा शाम भोपाळला सचिवालयात. आमची ओळख रॉकेलपुरती होती. कधी त्यांचं संपे, कधी माझं.

एकसष्ट साल असावं. पुण्यतिथीच्या आदल्या आठवड्यात ते एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले.

"इन्स्पेक्टरसाहेब, फुरसत आहे का?"

"आहे."

"आजचीच आहे की नेहमीची?"

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "तुम्हाला मठ बघायचा शौक आहे म्हणे. आतला."

"आहे. पण आत सोडतात कुठे?"

"सोडतील. माझा शाम व्हायला लागेल."

मग ते बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी ते वजन-माप खात्याच्या भाषेत थोडक्यात मांडतो, नाहीतर त्यात माळव्यातल्या दोन-तीन लढाया येतात.

मंडपात सागाचे कोरीव खांब आहेत. प्रत्येक खांब एका पथकाच्या घराण्याचा, आणि प्रत्येकावर वेगळं चित्र: मोर, हत्ती, घोडा, सिंह. खराड्यांचा खांब राघूचा. पुण्यतिथीच्या भंडाऱ्याला घराण्याचे चार पुरुष खांबाच्या चार बाजूंना, खांबाला पाठ लावून, बाहेर तोंड करून जेवायला बसतात. महाराज फौजेबरोबर असत तेव्हा त्यांनीच हे घालून दिलं होतं: जेवताना पाठ उघडी ठेवू नका, आणि चारी दिशा बघत जेवा. वडीलधाऱ्याने समाधीकडे तोंड करायचं, थोरल्या मुलाने दाराकडे, कारण शत्रू दारातून येणार. पंगत उठेपर्यंत मान मागे वळवायची नाही. शत्रू जाऊन शतक उलटलं होतं, पण त्याची वाट बघायचं काम चालू होतं.

"आणि चार नाही भरले तर?"

"दोन साल चालतं. तिसऱ्या साली खांब दुसऱ्याला." जयसिंगरावांनी हाताने खांब उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं केलं. "परदेशीपुऱ्याचा एक ठेकेदार टपून बसलाय. मिलमध्ये माणसं पुरवतो. खांबाला काय, चार पोरं घरचीच, वर नातू. मठात बिजली त्यानेच लावून दिली. कारभारी म्हणतो, दादा, आमच्या हातात काय, नियम आहे."

"हे तिसरं वर्ष?"

"हौ. मी आहे. मानपुरचा माझा चुलतभाऊ संताजी येतो, त्याचा पोरगा तुकोजी येतो. शामच्या जागी माझा धाकटा भाऊ बसायचा, तो वारल्यापासून दाराकडचं पान खाली, रिकामं राहतं."

"शामरावांना कळवलंत?"

"दरसाल कळवतो. दोन साल म्हणाला, बघतो. यंदा निरोप पाठवला, तर बघतो पण म्हणाला नाही." मग स्वतःच कारण दिलं. "सचिवालयात मार्च चालू असतो म्हणे. इथे मार्च एकदाच येतो, तिकडे बारा महिने असतो."

मी म्हटलं, "मी मराठा नाही हो. कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखणार? शाम मॅट्रिक झाला आणि ग्वाल्हेरला शिकायला गेला. कारभारी नंतरचा. तुमची त्याची उमर एक. रंग थोडा तुमचा फिका आहे, पण भोपाळला सगळे फिके होतात." त्यांनी मला उभं केलं, भोवती फिरून बघितलं. "फक्त मराठ्यासारखं बसा."

"कसं बसतात?"

"बसून राहायचं. आजूबाजूला वाचायला काही शोधायचं नाही."

संकोच मला वाटला, नाही असं नाही. पण मंडप बघायला मिळणार होता. आणि त्या आठवड्यात माझ्याशी एवढं लांबलचक दुसरं कोणी बोललं नव्हतं.

पुण्यतिथीच्या सकाळी जयसिंगरावांनी मला लाल फेटा बांधला. बांधताना मान धरून ठेवली होती, लहान मुलाची धरतात तशी. संताजी आणि तुकोजी पहाटेच्या ट्रकने मानपुरहून आले होते. आग्रा-मुंबई रस्त्यावर त्यांचं टायर पंक्चरचं दुकान होतं. संताजींना ऐकू कमी यायचं. आयुष्य ट्रकांच्या हॉर्नशेजारी गेलं होतं, त्यामुळे जे कमी ऐकू येई त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा शाम?"

"हा शाम," जयसिंगराव त्यांच्या कानात ओरडले.

"बरा आहे," संताजी म्हणाले. "तो दुसरा उगाच तोंड पाडून असायचा."

तुकोजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिया, टेन्शन नको. काका विचारतील ते हौ म्हणायचं. मी पण अर्ध्या गोष्टींना हौच म्हणतो."

मठाच्या आतल्या दारात कारभारी कृष्णराव उभे होते. वाकून आत शिरलो, सरळ उभा राहिलो आणि मग काही वेळ मला स्वतःचा विसर पडला. इतकी वर्षं ऐकलेल्या वर्णनांत एकही गोष्ट खरी नव्हती आणि वर्णनं तरीही कमीच पडली होती. सोनं कुठेच नव्हतं. छत लाकडाचं, त्यावर रंगवलेली इंद्राची सभा. इंद्र मधोमध, अप्सरा नऊवारीत, आणि एका कोपऱ्यात टोपी घातलेला गोरा साहेब हाताची घडी घालून उभा, बोलावणं आहे की नाही याची खात्री नसल्यासारखा. भिंतींवर आरशाचे नखाएवढे तुकडे, वेलबुट्टीत बसवलेले, हजारोंनी. त्यांत माणूस दिसत नव्हता, माणसाचे तुकडे दिसत होते. इथे डोळा, तिथे बोट, पलीकडे फेट्याचा लाल ठिपका. जुन्या हंड्यांच्या काचांत परदेशीपुऱ्याच्या ठेकेदाराचे विजेचे दिवे बसवलेले, आणि त्यांच्या उजेडात समाधीची चांदीची दारं दुधासारखी पांढरी पडलेली. एवढं सगळं वर्षभर अंधारात बसून असतं, हे कळल्यावर मला त्या साहेबाबद्दल जास्तच वाईट वाटलं.

खांब मात्र काळेभोर. वरती कोरीव काम, आणि खाली, बसल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, प्रत्येक खांबाला चारी बाजूंनी तुकतुकीत चकाकी. शंभर-दीडशे वर्षं पाठी घासून आलेली.

"राघूच का?" मी जयसिंगरावांना हळूच विचारलं. "घोडा नाही मिळाला?"

"घोडा वाघ घराण्याने घेतला. ते दरबारात पुढे बसत." मग, मी काही बोललो नव्हतो तरी, म्हणाले, "राघू शूर पक्षी आहे. चावतो."

आम्ही बसलो. मी दाराकडे तोंड करून. पाठीमागे खांब, खांबाच्या पलीकडे जयसिंगराव, डाव्या-उजव्या हाताला संताजी आणि तुकोजी. चौघे एका खांबाचे आणि एकाला एकाचं तोंड दिसत नाही. मला समोर दार दिसत होतं, दारापलीकडे पटांगणातली सार्वजनिक पंगत, आणि तिरपा हत्तीचा खांब. हत्तीच्या माझ्याकडच्या बाजूला जो मिशीवाला सरदारपुत्र बसला होता, त्याला मी ओळखत होतो. तो सराफ्यातला मिठाईवाला होता. महिन्यापूर्वीच मी त्याच्या दुकानातून तळाला शिसं काढलेली वजनं उचलली होती. फेटा त्याला शोभत होता. मिशी नवी होती. आमची नजरानजर झाली. त्याने डोळे मिटले आणि माळ ओढू लागला.

मग मी जरा नीट पाहिलं. सिंहाच्या खांबाला आमच्या गल्लीतला सायकलवाला होता. मोराला बसलेल्या एका तरुणाच्या फेट्याखालून शेंडीऐवजी कॉलेजातला कोंबडा डोकावत होता, आणि तो शेजारच्या म्हाताऱ्याला हिंदीत विचारत होता की चाचाजी, लड्डू कब आएगा. अख्ख्या मंडपात मी एकटाच उसना आलेला नव्हतो. होळकरांचं पथक भोपाळ, मुंबई, नागपूर आणि कुठे कुठे पांगलं होतं, आणि त्याच्या जागी बाजार बसला होता. सगळ्यांच्या पाठी ताठ होत्या. वाचायला कोणी काही शोधत नव्हतं.

कृष्णरावांनी पुकारा सुरू केला. ते एकेका खांबाचं नाव घेत, आणि त्या खांबाचा वडीलधारा समाधीकडे बघत चौघांची नावं सांगून म्हणे, "भरला." समाधीपुढे उच्चारलेलं नाव पुढल्या पुण्यतिथीपर्यंत कायम, हे मला सकाळीच सांगण्यात आलं होतं.

"राघू?"

"जयसिंगराव, संताजी, तुकोजी," माझ्या पाठीमागून आवाज आला. शेवटचं नाव जरा दबकत आलं. "शाम. भरला."

एकजण तांब्याच्या झारीने खांबाभोवती पाण्याचं रिंगण करून गेला. आता उठायचं नाही. वरण, तुपात बुडवलेले कणकेचे बाफले, कढी, लाडू आले. परदेशीपुऱ्याचा ठेकेदार दारात उभा होता, पोरांना रांगेत धरून. त्याने 'भरला' ऐकलं, पोरांना एकेक करून मागे वळवलं आणि पटांगणात नेऊन बसवलं. तेव्हा माझ्या पाठीमागून, खांबातून आल्यासारखं, जयसिंगराव म्हणाले, "गेला का?"

"गेला."

"सालभर निश्चिंत." आणि ते जेवू लागले. त्यांचा बाफला फोडण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी दुसरा बाफला वरणात कुस्करत होतो तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. माझ्या वयाचा. निळा बुशशर्ट, खांद्याला पिशवी, चपला हातात. डोक्याला लाल फेटा होता, पण तो बसच्या काचेत बघून बांधल्यासारखा एका कानावर उतरला होता. घामाने चेहरा ओला होता. हनुवटी जयसिंगरावांची होती. दुसरी कुणाची असू शकत नव्हती.

"कुठल्या खांबाचे?" कृष्णरावांनी विचारलं.

"राघूच्या. बस आष्ट्याला बंद पडली. उशीर झाला."

"राघू तर भरला की. चारी पानं." कृष्णरावांनी माझ्याकडे हात केला. "हे शाम खराडे बसले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात घास होता. मी तो तोंडात घातला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. उठलो असतो तर रिंगण मोडलं असतं, खांब हातचा गेला असता आणि ठेकेदार अजून पटांगणातच होता. न उठावं तर मी त्याच्या पानावर, त्याच्या नावाने, बहुधा त्याच्याच फेट्यात बसलो होतो. त्याची नजर माझ्या फेट्यावर बराच वेळ थांबली. रागाची नव्हती. आपली सायकल दुसरा घेऊन गेला तर माणूस आधी खात्री करून घेतो की ती आपलीच आहे ना, तशी होती.

कृष्णराव माणूस वाईट नव्हते, नियमाचे होते. त्यांनी मंडपात आवाज टाकला, "जयसिंगराव, राघूवर आणखी एक जण आलेत. तुमच्याकडचे का?"

खांबापलीकडे चघळणं थांबलं.

"कोण म्हणतात?" जयसिंगरावांनी समाधीकडे तोंड ठेवून विचारलं. मान वळवायची नव्हती.

"आपण कोण?" कृष्णरावांनी दारातल्या माणसाला विचारलं.

त्याने मंडपाकडे पाहिलं, खांबाच्या कडेने वडिलांचा जेवढा खांदा दिसत होता तेवढ्याकडे पाहिलं. पटांगणात ठेकेदार पान सोडून मान उंचावून ऐकत होता. तेही त्याने पाहिलं.

"मी भोपाळहून आलो," तो म्हणाला. जरा मोठ्याने म्हणाला. "यांच्या ओळखीचा आहे."

हत्ती, सिंह, मोर, सगळे आपापल्या दिशेला बघत बसले होते. मिठाईवाल्याने माळ थांबवली होती.

"हां," पाठीमागून आवाज आला. "पाहुणे आहेत. भोपाळचे. बाहेर बसवा त्यांना." आणि मग, "नीट वाढा."

"कोण आलं रे?" संताजींनी विचारलं.

"पाहुणे," तुकोजी ओरडला. त्याच्या बाजूने दार दिसत नव्हतं, पण कान त्याचे चांगले होते. आवाज त्याने ओळखला असणार, कारण एरवी तो स्वतःच विचारत सुटला असता, कोण पाहुणे म्हणून. 

"काय म्हणाले पाहुणे?"

"लाडू आणतायत म्हणाले."

"आण म्हणावं," संताजी म्हणाले.

शामराव पटांगणात गेले. सार्वजनिक पंगतीत दारासमोरच जागा होती, तिथे ते बसले, मंडपाकडे तोंड करून. त्यामुळे पुढचा अर्धा-पाऊण तास आम्ही दोघे उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड समोरासमोर जेवलो. मान वळवायची मला बंदी होती, त्यांना नव्हती, पण त्यांनीही वळवली नाही. ते सावकाश, सगळं संपवत जेवत होते. कृष्णरावांनी सांगितल्यामुळे वाढपी त्यांच्यापाशी पुन्हा पुन्हा जात होता. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून हाताने कढीकडे खूण केली. चांगली आहे, घ्या, अशी. मी घेतली.

बाहेरच्या पंगतीला नियम नव्हता. जेवण होताच त्यांनी स्वतःची पत्रावळ उचलली, हात धुतले, आणि दारापाशी येऊन उभे राहिले. आत समाधीला नमस्कार केला. फेटा सोडला, मांडीवर घडी घालतात तशी उभ्यानेच हातावर घडी घातली, पिशवीत ठेवला आणि निघून गेले.

आमची पंगत लवकर उठली नाही. मोराच्या खांबाचे वडीलधारे दात नसल्यामुळे लाडू चोखत होते, आणि सगळ्यांत थोरला उठेपर्यंत कोणी उठायचं नव्हतं. मी छताकडे बघत बसलो. इंद्राच्या सभेतल्या अप्सरा मोजून झाल्यावर बघण्यासारखं फार उरलं नाही.

शेवटी उठलो. जयसिंगराव माझ्याकडे न बघता सरळ दारापर्यंत गेले. पटांगणात दुसरी पंगत बसत होती, गर्दी होती, मुलं पाणी सांडत होती. ते दारात उभे राहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. मग नळावर जाऊन हात धुवायला लागले. पुष्कळ वेळ धुतले.

कृष्णराव जवळ आले. "दादा, मुबारक. राघू सलामत. मी तर म्हटलं यंदा गेला हातचा." आणि मला म्हणाले, "शामराव, दरसाल येत जा. वडिलांना बरं वाटतं."

"हौ," मी म्हटलं.

संताजी-तुकोजींना ट्रक गाठायचा होता. तुकोजीने जाताना काकांचे पाय धरले आणि गेला. मठाच्या कोपऱ्यावर टांगे उभे होते. मी एकाला हाक मारली. जयसिंगरावांना म्हटलं, "भोपाळची बस संध्याकाळी सुटते. आत्ता गेलो तर स्टँडवर भेटतील."

त्यांनी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला. घोड्याकडे पाहिलं. पाय खाली घेतला.

"तिथे जाऊन काय सांगू? समाधीसमोर बोलून बसलो, शाम आत बसलाय म्हणून. सालभर तोच शाम." मग म्हणाले, "आणि सालानंतर तरी काय. कारभाऱ्याने तुमचं तोंड बघून ठेवलं. पुढच्या साली तो वेळेवर आला, पहिला आला, तरी दारात त्याला विचारतील, आपण कोण."

टांगेवाला म्हणाला, "भिया, जाना है के नी जाना?"

"नहीं जाना," जयसिंगराव म्हणाले.

आम्ही पायी निघालो. ऊन उतरत होतं. दुकानदारांनी मला पाहून नमस्कार केले, मग फेटा पाहून ते गोंधळले, आणि मग सावध झाले. इन्स्पेक्टर वेष पालटून हिंडतो, अशी बातमी आमच्या पुढे पुढे गल्लीत चालली होती. माझ्या डोक्यावर फेटा आहे हे मला त्यांच्यावरून कळलं. मी तो काढायला गेलो.

"राहू द्या घरापर्यंत," जयसिंगराव म्हणाले.

बरंच चालल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या समोर होता ना जेवायला?"

"हो."

"मला आरशात दिसला थोडा. समाधीच्या वरच्या बाजूला आहेत ना तुकडे, त्यात. एक बाही दिसली, निळी. आणि कान. बाकीचं काही जुळेना." चालता चालता त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "केस पिकलेत का?"

"कानांपाशी थोडे."

"ते त्याच्या आईकडचं. आणि जाडा झालाय?"

"नाही. बरोबर आहे."

"फेटा बांधून आला होता?"

"हो."

"कसा बांधला होता?"

 "चांगला बांधला होता," मी म्हटलं.

"त्याला जमत नव्हता कधी," जयसिंगराव म्हणाले. "शिकला म्हणजे." थोडं पुढे गेल्यावर, "लाडू घेतला?"

"घेतला. वाढपी पुन्हा आला तेव्हा दुसराही घेतला."

दुसरा शामरावांनी नको म्हटला होता. पानावर हात आडवा धरला होता.

"आणखी काय करत होता?"

मग मी सांगत गेलो. कढी आवडली म्हणालो. छताकडे बघत होते म्हणालो. शेजारच्याला काहीतरी विचारून हसले म्हणालो. मल्हारगंजचा जिना येईपर्यंत मी जे पाहिलं होतं ते केव्हाच संपलं होतं. जयसिंगराव पुढे बघत चालत होते आणि मी थांबलो की म्हणत, "मग?"